कंपवाताचा इतिहास आणि आमचे रस्ते

चालणें ही क्रिया इतकी अंगवळणीं पडलेली असते कीं, तिच्याविषयीं विचार करण्याचें कारण निरोगी मनुष्यास सहसा पडत नाहीं. मूल पहिलें पाऊल टाकतें तेव्हां घरांत कौतुक होतें. पुढें साठ-सत्तर वर्षें त्या पावलाकडे कोणी ढुंकून पाहत नाहीं. पाय चालत असतात आणि मन भाजीच्या भावांत, मुलाच्या नोकरींत किंवा कालच्या भांडणांत फिरत असतें. मन आणि पाय यांची ही फारकत म्हणजेच एका अर्थानें आरोग्य होय. ज्या रोगांत ही फारकत संपते, आणि प्रत्येक पावलासाठीं मनाला पायाशीं येऊन उभें राहावें लागतें, त्या रोगाचा इतिहास थोडक्यांत सांगून त्यावरून आमच्या शहरांतील रस्त्यांविषयीं दोन शब्द लिहावे, असा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. आपल्याकडे ह्या रोगास कंपवात म्हणतात; पाश्चात्य वैद्यकांत तो पार्किन्सनचा रोग म्हणून प्रसिद्ध आहे. बहुतेक रोगांचा इतिहास रुग्णालयांत सुरू होतो. ह्याचा इतिहास रस्त्यावर सुरू झाला, आणि दोनशें वर्षांनंतर तो फिरून रस्त्यावरच येऊन थांबला आहे.

जेम्स पार्किन्सन हा लंडनच्या हॉक्स्टन ह्या भागांत वैद्यकी करणारा गृहस्थ. ११ एप्रिल १७५५ रोजीं त्याचा जन्म झाला, आणि बापाचाच धंदा त्यानें पुढें चालविला. परंतु तो नुसता वैद्य नव्हता. फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीच्या काळांत 'ओल्ड ह्यूबर्ट' ह्या टोपणनांवानें त्यानें सरकारच्या डोळ्यांत खुपणारीं पत्रकें लिहिलीं. राजाच्या वधाचा कट केल्याच्या आरोपावरून त्याचे मित्र पकडले गेले तेव्हां, १७९४ सालीं, प्रिव्ही कौन्सिलपुढें त्याची जबानी झाली. पुढें त्याचें लक्ष भूगर्भांतील प्राचीन अवशेषांकडे वळलें आणि त्या विषयावर १८०४ ते १८११ ह्या काळांत त्यानें तीन मोठे खंड प्रसिद्ध केले. दगडांत उमटलेले शिंपले आणि माणसाच्या शरीरांत उमटलेलें दुःख हीं दोन्हीं सारख्याच धीरानें न्याहाळण्याची त्याची वृत्ति होती, असें म्हणण्यास हरकत नाहीं. १८१७ सालीं, वयाच्या बासष्टाव्या वर्षीं, त्यानें 'थरथरणाऱ्या पक्षाघाता'वर जेमतेम सहासष्ट पानांचा एक निबंध छापला. त्याचे मोठे ग्रंथ आज फारसे कोणी उघडत नाहीं. ह्या लहानशा निबंधानें मात्र त्याचें नांव अजरामर केलें.

निबंधांत सहा रोग्यांची हकीकत आहे. ह्या सहांनाहि त्यानें आपल्या दवाखान्यांत तपासलें होतें असें नाहीं. दोघे त्याला रस्त्यांत सहज भेटले, आणि एकास तर त्यानें केवळ दुरून पाहिलें. रस्त्यांत भेटलेल्यांपैकीं एक बासष्ट वर्षांचा, न्यायाधिकाऱ्याच्या कचेरींत चाकरी करून म्हातारा झालेला मनुष्य. दुसरा सुमारें पासष्टीचा खलाशी. खलाशाचें शरीर पुढें इतकें झुकलें होतें कीं, त्याला सारखें धांवतच चालावें लागे, आणि दर पांचसहा पावलांनीं हातांतली काठी जमिनीवर जोरानें रोवून तो स्वतःला मागें रेटून सरळ करीत असे. रोग बळावलेल्या मनुष्याची चालण्याची तऱ्हा याहून करुण होती. त्याचा चाकर त्याच्यासमोर उभा राही, उलटा मागें मागें चालत जाई, आणि धनी तोंडावर पडूं नये म्हणून त्याच्या खांद्यांना दोन्ही हातांनीं अडवून धरी. खाटेवर निजलेल्या मनुष्यास तपासून हें कोणत्याहि वैद्यास दिसलें नसतें. हात कांपतात हें बैठकींतहि कळतें; पाऊल आंखडतें, शरीर पुढें जातें आणि पाय मागें राहतात, हें मात्र रस्त्यावरच दिसावयाचें. म्हणून आम्ही म्हणतों कीं, ह्या रोगाचें पहिलें रुग्णालय म्हणजे लंडनचा पदपथ होय.

पार्किन्सन १८२४ सालीं वारला. त्याच्या निबंधाची खरी किंमत ओळखली ती पॅरिसच्या शार्को ह्या विख्यात वैद्यानें, आणि तीहि जवळजवळ अर्ध्या शतकानंतर. शार्कोनें दाखविलें कीं, हा पक्षाघात नव्हे. स्नायूंची शक्ति शाबूत असते, परंतु हालचाल मंद होते आणि अंग ताठरतें. शिवाय सर्वच रोग्यांचे हात कांपतात असेंहि नाहीं. तेव्हां 'थरथरणारा पक्षाघात' ह्या नांवांतील दोन्ही शब्द लंगडे पडले, आणि शार्कोच्या सूचनेवरून रोगास पार्किन्सनचें नांव मिळालें. पुढें १९१९ सालीं पॅरिस येथेंच ट्रेटियाकॉफ ह्या तरुण संशोधकानें मेंदूच्या बुडाशीं असलेल्या एका काळसर थरांतील पेशी ह्या रोगांत नष्ट होतात असें प्रतिपादन केलें. १९२१ सालीं सूक ह्या फ्रेंच वैद्यानें एका चमत्काराकडे लक्ष वेधलें. एरवीं जागचा न हलणारा रोगी एखाद्या संकटाच्या किंवा उत्कट भावनेच्या क्षणीं एकाएकीं भराभर चालूं लागतो! पाय निकामी नाहींत. पायांना आज्ञा पोंचविणारी रोजची वाट बंद झाली आहे, आणि दुसरी एखादी आडवाट अजून उघडी आहे, हा त्या चमत्काराचा अर्थ. त्याचा उपयोग करावयास मात्र आणखी बराच काळ जावा लागला.

आतां आपल्या देशाकडे वळूं. सुमारें सातव्या-आठव्या शतकांतील माधवनिदानांत, वातव्याधींच्या प्रकरणांत, सर्वांगाच्या व मस्तकाच्या कंपास 'वेपथु' अशी संज्ञा दिलेली आहे. वातविकारांवर योजल्या जाणाऱ्या वनस्पतींमध्यें कपिकच्छु, म्हणजे आपल्या रानांतली खाजकुइली, हिला मानाचें स्थान आहे. १९३७ सालीं मद्रास येथें दामोदरन् आणि रामस्वामी ह्या दोन रसायनशास्त्रज्ञांनीं ह्या खाजकुइलीच्या बियांतून एक द्रव्य शुद्ध स्वरूपांत वेगळें काढलें. आज त्याला आपण लेव्होडोपा म्हणतों. त्या वेळीं कंपवाताशीं ह्या द्रव्याचें कांहीं नातें असेल, ही कल्पना जगांत कोणासहि नव्हती.

ह्या कथेंत आणखी एका भारतीय वनस्पतीचा हात आहे, ती म्हणजे सर्पगंधा. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तुम जाल वकील यांनीं १९४९ सालीं सर्पगंधेचा रक्तदाबावरील गुण इंग्लंडांतील नियतकालिकांत प्रसिद्ध केला, आणि पाश्चात्यांचें लक्ष तिच्याकडे लागलें. तिच्यांतून निघालेलें रिसर्पीन हें द्रव्य टोंचलें असतां प्राणी निश्चल होऊन पडतो. १९५७ सालीं स्वीडनमधील अर्व्हिड कार्लसन यांनीं असे निश्चल केलेले ससे घेतले आणि त्यांना लेव्होडोपा दिलें. ससे उठून हिंडूं लागले! मेंदूंतील डोपामीन ह्या द्रव्याचें कार्य त्यावरून उघड झालें, आणि २००० सालीं कार्लसन यांस नोबेल पारितोषिक मिळालें. १९६० सालीं व्हिएन्ना येथें एरिंगर व हॉर्निकिएविच यांनीं कंपवातानें मृत्यु पावलेल्यांच्या मेंदूंत हेंच डोपामीन अत्यंत अल्प असल्याचें सिद्ध केलें. १९६७ सालीं अमेरिकेंत कोट्झियास यांनीं लेव्होडोपाची मात्रा हळूहळू वाढवीत नेऊन रोगी चालते केले. एका भारतीय वनस्पतीनें रोगाचें सोंग उभें केलें आणि दुसरींत सांपडणाऱ्या द्रव्यानें तें उतरविलें, असा हा योगायोग आहे. त्यावरून 'आमच्या पूर्वजांस सर्व ठाऊक होतें' असा निष्कर्ष काढण्याचा मोह अनेकांस होतो, तो आवरला पाहिजे. पूर्वजांनीं कंप पाहिला आणि वनस्पति योजली, हें त्यांच्या निरीक्षणाचें भूषण आहे. परंतु निरीक्षण आणि कारणमीमांसा यांमधील हजार वर्षांची वाट दुसऱ्या लोकांनीं चालून पुरी केली. आणि बियांतील द्रव्य तेंच असलें म्हणून घरच्या घरीं चूर्ण खाऊन वैद्याच्या गोळ्यांत भर घालणें हें धोक्याचें, हेंहि येथें सांगून ठेवलें पाहिजे.

हा रोग आपल्याकडे दुर्मिळ आहे अशी एक समजूत होती. मुंबईच्या पारशी वसाहतींत डॉ. भरुचा व त्यांचे सहकारी यांनीं घरोघर जाऊन केलेली पाहणी १९८८ सालीं प्रसिद्ध झाली. १४,०१० माणसांची विचारपूस करून त्यांनीं दाखविलें कीं, त्या समाजांत कंपवाताचें प्रमाण लाखास सुमारें ३२८ पडतें. पारशी समाजांत वृद्धांची संख्या अधिक, म्हणून हा आंकडा सर्व हिंदुस्थानास जसाच्या तसा लावतां येणार नाहीं. पण ज्या समाजांतील माणसें दीर्घकाळ जगतात त्या समाजास हा रोग भेटतोच, एवढा बोध त्यांतून घेण्यास प्रत्यवाय नाहीं. आज आपला सगळाच मध्यमवर्ग त्या दिशेनें चालला आहे.

लेव्होडोपाच्या यशानंतर कांहीं काळ असें वाटलें कीं, प्रश्न संपला. तो संपला नाहीं. औषधानें ताठरपणा कमी होतो, हात हलके होतात, मंदपणा ओसरतो. परंतु चालतां चालतां पाय जमिनीस एकाएकीं खिळणें हा प्रकार कित्येकांत औषध घेऊनहि राहतो. दाराच्या उंबऱ्याशीं, वळतांना, अरुंद जागेंतून जातांना, आणि विशेषतः कोणी घाई केली असतां, पाय उचलतच नाहींत. याची उपपत्ति पुढील अभ्यासांतून हळूहळू स्पष्ट झाली. सरावानें आपोआप होणारीं कामें मेंदूच्या ज्या खोल भागावर सोंपविलेलीं असतात, नेमका तोच भाग ह्या रोगांत दुबळा होतो. मग तें काम जाणत्या मनावर, म्हणजे अवधानावर, येऊन पडतें. मेलबर्न येथील मेग मॉरिस व रॉबर्ट आयान्सेक यांनीं १९९० नंतरच्या दशकांत दाखविलें कीं, जमिनीवर खुणा आंखल्या, किंवा 'मोठें पाऊल टाकावयाचें आहे' असें रोग्यानें मनांत धरलें, तर त्याचें पाऊल पूर्ववत् लांब पडतें. आणि लक्ष दुसरीकडे गेलें कीं पुन्हां आंखडतें.

खुणांची ही कल्पना त्याहून जुनी आहे. इंग्लंडांतील पर्डन मार्टिन ह्या मेंदूतज्ज्ञानें १९६७ सालच्या आपल्या ग्रंथांत, जमिनीवर वाटेस आडव्या रेघा ओढल्या असतां खिळलेला रोगी त्या एकेक ओलांडीत चालूं लागतो, हें नमूद करून ठेवलें होतें. सूक यांस दिसलेली आडवाट ती हीच. अशीच गोष्ट आपल्या पुण्यांत वाढलेल्या मिलेहा सोनेजी ह्या तरुण अभिकल्पिकेच्या दृष्टीस पडली. तिच्या कुटुंबांतील एक वडीलधारे कंपवातानें पीडित होते. सपाट जमिनीवर एकेक पाऊल टाकतांना त्यांना प्रयास पडत. पण जिना मात्र ते सरासर चढत! तेव्हां तिनें सपाट जमिनीवरच जिन्याचा आभास होईल असें चित्र अंथरलें, आणि ते त्यावरून न अडखळतां चालत गेले. २०१५ सालीं हॉलंडांतील डेल्फ्ट येथें तिनें ही हकीकत भर सभेंत सांगितली. यंत्र नाहीं, औषध नाहीं. केवळ दृष्टीस दिलेली एक खूण. इतिहासांत मोठमोठ्या शोधांना बाजूस ठेवून अशा साध्या युक्तीपुढें थांबावेंसें वाटतें.

येथें पार्किन्सनच्या एका विधानाचा विचार प्राप्त होतो. ह्या रोगांत ज्ञानेंद्रियें आणि बुद्धि यांस बाधा होत नाहीं, असें त्यानें लिहून ठेवलें होतें. तें विधान पुष्कळ काळ प्रमाण मानलें गेलें, आणि अनेक कुटुंबांना त्याचा दिलासाहि वाटला असेल. परंतु तें अर्धेंच खरें ठरलें. स्मृति, विवेक, माणसांची ओळख हीं पुष्कळ रोग्यांत दीर्घकाळ उत्तम राहतात; पण दोन गोष्टींकडे एकाच वेळीं लक्ष देणें, एका कामावरून दुसऱ्यावर झटकन वळणें, डोळ्यांपुढें घडणाऱ्याचा चटकन अर्थ लावणें, हीं कामें आरंभापासूनच जड जाऊं शकतात. आणि चालण्याचा भार तर अवधानावरच आलेला! म्हणजे धनको वाढले आणि तिजोरी आटली. १९९७ सालीं स्वीडनमधील कांहीं संशोधकांनीं वृद्धाश्रमांतील माणसांविषयीं एक मार्मिक निरीक्षण प्रसिद्ध केलें. बरोबरच्यानें बोलावयास सुरुवात केली असतां जे वृद्ध चालावयाचे थांबतात, ते पुढील काळांत पडण्याचा संभव अधिक असतो. हें निरीक्षण सर्वसाधारण वृद्धांचें होतें, कंपवाताचें नव्हे; पण एका लहानशा गोष्टींत मन आणि पाऊल यांचें नातें त्यानें उघडें केलें.

मग अवधानालाच तालीम देतां येईल काय? हा प्रश्न विसाव्या शतकाच्या अखेरीस पुढें आला. अमेरिकेंत १९९८ सालीं सुरू झालेल्या एका मोठ्या प्रयोगांत २,८३२ वृद्धांना स्मृति, तर्क आणि दृष्टीची चपळाई अशा तीन प्रकारांपैकीं एकेक शिक्षण देण्यांत आलें. ज्याची तालीम दिली तें काम सुधारलें, परंतु एका कामांतली सुधारणा दुसऱ्यांत आपोआप उतरली नाहीं. हा धडा महत्त्वाचा आहे. शब्दकोडें सोडविणाऱ्याचें शब्दकोडें सुधारतें. त्यानें रस्ता ओलांडणें सुधारेल असें धरून चालणें फोल आहे. म्हणून पुढील प्रयोगांत मनाची तालीम चालण्याशीं जोडण्यांत आली. बेल्जम व हॉलंड येथें कंपवाताच्या १२१ रोग्यांना चालणें आणि विचार करणें हीं दोन कामें, कांहींना एकत्र व कांहींना वेगवेगळीं, करावयास शिकविलें. त्याचा अहवाल २०१७ सालीं निघाला. दोन्ही कामें एकदम करतांना त्यांची चाल सुधारली, आणि सरावामुळें पडण्याचें प्रमाण वाढेल ही जी भीति होती ती खरी ठरली नाहीं. २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका प्रयोगांत, पांच देशांतील ३०२ वृद्धांना चालत्या पट्ट्यावर चालवून समोरच्या पडद्यावर आभासी वाट दाखविण्यांत आली. वाटेंत अडथळे, वळणें आणि गोंधळ मुद्दाम घातलेले. ह्या वृद्धांत कंपवाताचे रोगी पुष्कळ होते. नुसत्या पट्ट्यावर चाललेल्यांपेक्षां ह्या मंडळींचें पडणें पुढील सहा महिन्यांत कमी झालें. थोडक्यांत, तालमीचा उपयोग आहे; पण ती ज्या कामासाठीं हवी त्या कामाजवळ जाऊन दिली पाहिजे.

रस्ता ओलांडणें ही ह्या सर्वांची अखेरची परीक्षा होय. पाऊल उचलावयाचें, पदपथाची कड उतरावयाची, दोन्हीकडे पाहावयाचें, येणाऱ्या गाडीचा वेग अजमावयाचा, आपली चाल किती हें मनांत धरावयाचें, आणि हें सर्व मागून भोंगा वाजत असतां! ज्या परिस्थितींत पाय खिळतात त्या सर्व परिस्थिति येथें एकत्र येतात. त्यांत भर अशी कीं, वृद्ध माणसें गाडी किती दूर आहे यावरून अंदाज बांधतात, ती किती वेगानें येत आहे याचा हिशेब त्यांच्याकडून पुरता होत नाहीं. फ्रान्समध्यें कृत्रिम रस्ता उभारून वृद्धांना ओलांडण्याचा सराव देण्यांत आला. त्याचा निष्कर्ष २०१२ सालीं छापला गेला. सरावानें त्यांचें वर्तन अधिक सावध झालें, परंतु वेगाचा अंदाज मात्र सुधारला नाहीं. शिकवून जें येतें तें आलें, जें वयानें नेलें तें परत आलें नाहीं. आमच्या मतें ह्या एका निष्कर्षांत सगळ्या प्रश्नाचें मर्म आहे. मनुष्यास शिकविण्याची एक सीमा आहे. तिच्या पलीकडे रस्त्यालाच शिकविलें पाहिजे.

आतां नव्या मुंबईची गोष्ट. मुंबईवरचा भार हलका करण्यासाठीं खाडीपलीकडे नवें शहर वसवावें ही योजना चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनीं १९६५ सालीं 'मार्ग' ह्या नियतकालिकांतून मांडली. १७ मार्च १९७० रोजीं सिडको ही संस्था स्थापन झाली. सुमारें ३४४ चौरस किलोमीटर जमीन आणि ९५ गांवें तिच्या आंखणींत आलीं. १९७३ सालीं ठाण्याच्या खाडीवरचा पूल खुला झाला, १९९२ च्या मे महिन्यांत रेल्वे वाशीपर्यंत आली, आणि त्याच वर्षापासून शहराची महानगरपालिका सुरू झाली. नगररचनाकारांचा मूळ विचार चांगला होता. शहराचे सेक्टर पाडावयाचे, आणि शाळा, बाजार, दवाखाना हीं शक्यतों पायीं जातां येण्याजोगीं ठेवावयाचीं. सेक्टरच्या आंत त्या विचाराचें फळ आजहि दिसतें; झाडांच्या सावलींत फिरणारे वृद्ध, बागेंतील बांकांवरच्या बैठका, महापालिकेचीं विरंगुळा केंद्रें, हें सर्व जुन्या मुंबईंतील माणसास हेवा वाटावा असेंच आहे.

परंतु दोन सेक्टरांमधला रस्ता हा वेगळ्या मनोवृत्तीनें आंखला गेला. शीव-पनवेल महामार्ग शहराच्या अंगांतून आरपार जातो. ठाणें-बेलापूर रस्ता एका बाजूस. खाडीच्या कडेचा पामबीच मार्ग दुसऱ्या बाजूस. हे रस्ते गाडींत बसलेल्या मनुष्यास सुखाचे आहेत, आणि पायीं चालणाऱ्यास नदीसारखे. ज्या वेळीं ते आंखले त्या वेळीं शहरांत राहावयास आलेलीं माणसें तिशी-पस्तिशीचीं होतीं. नदी पोहून जाण्याइतकी उमेद त्यांच्या पायांत होती. वाशी, नेरूळ येथें आरंभीं बिऱ्हाड थाटणारीं तीं जोडपीं आज सत्तरी-ऐंशींत आहेत. शहराचें वय वाढलें म्हणजे इमारतींस भेगा पडतात हें आपण जाणतों. रहिवाशांचें वय वाढलें म्हणजे रस्ते रुंद होतात, हें लक्षांत यावयास वेळ लागतो.

ह्याचा हिशेब साधा आहे. सिग्नलचा वेळ ठरवितांना पादचारी दर सेकंदास १.२ मीटर चालतो असें धरण्याचा प्रघात आहे. चोवीस मीटर रुंदीचा रस्ता ह्या चालीनें वीस सेकंदांत ओलांडून होतो. सेकंदास ०.८ मीटर चालणाऱ्या वृद्धास त्यालाच तीस सेकंद लागतात. आणि मध्येंच पाऊल खिळलें तर त्याला हिशेब नाहीं. म्हणजे कागदावरचा नियम पाळूनहि हा मनुष्य शेवटच्या आठ मीटरांत गाड्यांच्या तोंडीं सांपडतो. दहा सेकंद ही कांहीं मोठी मागणी नव्हे. पण त्या दहा सेकंदांत एका मनुष्याचें घराबाहेरचें सगळें आयुष्य सांठलेलें आहे.

आणखी एक गंमत सांगण्याजोगी आहे. पादचाऱ्यांसाठीं काळेपांढरे पट्टे रंगविण्याची पद्धति ब्रिटनमध्यें १९५१ सालीं कायद्यानें रूढ झाली. ती गाडीवाल्यास दुरून दिसावी म्हणून. पण हे पट्टे चालणाऱ्याच्या वाटेस आडवे असतात. मार्टिनसाहेबांनीं रोग्यांपुढें ज्या आडव्या रेघा ओढल्या, त्यांचेंच हें रूप, आपल्या चौकाचौकांत अनायासें आंखलेलें! एकेक पट्टा ओलांडावयाचा आहे असें मनाशीं धरून चालणाऱ्यास त्यांचा आधार होऊं शकेल असें आम्हांस वाटतें. मात्र त्यासाठीं ते पट्टे डोळ्यांना दिसले पाहिजेत. आपल्याकडे एका पावसाळ्यानंतर ते बहुधा स्मृतिरूपानेंच उरतात.

'एवढें असतां ह्या माणसांनीं बाहेर पडावेंच कशाला?' असा प्रश्न येथें कोणी करील. घरोघरीं तो प्रेमापोटीं केलाहि जातो. मुलगा म्हणतो, 'बाबा, तुम्ही नका जाऊं, मी आणून देतों'. सून म्हणते, 'गाडी बोलावते'. ह्या प्रेमाबद्दल शंका नाहीं. परंतु ज्या रोगांत न वापरलेली हालचाल झपाट्यानें हातची जाते, त्या रोगांत घरांत बसविणें हें रोगाच्याच बाजूस जाऊन मिळणें आहे. आणि दुसरें असें कीं, मनुष्य रस्ता ओलांडून केवळ दुधाची पिशवी आणीत नाहीं. वाटेंत तो चारचौघांना भेटतो, दुकानदाराशीं दोन शब्द बोलतो, स्वतःचे पैसे स्वतः मोजतो. म्हणजे आपण अजून गांवांत आहोंत असा पुरावा तो रोज गोळा करीत असतो. तो पुरावा काढून घेतला तर मागें उरतें ती सुरक्षितता कोणाच्या उपयोगाची?

म्हणून दोन्हीकडून काम झालें पाहिजे. कुटुंबानें करावयाच्या गोष्टी साध्या आहेत. औषधाचा अंमल चांगला असेल ती वेळ बाहेर पडण्यास निवडावी. रस्ता ओलांडतांना बरोबरच्यानें गप्पा बंद ठेवाव्या. हिरवा दिवा लागून कांहीं क्षण गेले असतील तर पुढच्या फेरीची वाट पाहावी. पाय खिळला असतां हात धरून ओढूं नये, क्षणभर थांबून, मनांत अंक मोजून किंवा समोरच्या एखाद्या खुणेवर लक्ष ठेवून पहिलें पाऊल टाकूं द्यावें. तालीम हवी असेल तर ती देणारीं माणसें आहेत. मुंबईंत डॉ. बी. एस. सिंघल यांच्या पुढाकारानें २००१ सालीं स्थापन झालेल्या संस्थेनें रोग्यांचे व त्यांच्या आप्तांचे आधारगट उभे केले. पुण्यांत पार्किन्सन्स मित्रमंडळानें मराठींतून हेंच कार्य केलें, आणि नर्तक हृषीकेश पवार यांनीं रोग्यांस नृत्य शिकवून तालाच्या आधारें पाऊल कसें सुटतें हें दाखविलें. वारकऱ्याचें पाऊल टाळाच्या ठेक्यावर पडतें हें पाहिलेल्या महाराष्ट्रास ह्यांत नवल वाटूं नये. विरंगुळा केंद्राच्या अंगणांत चुन्यानें चार पट्टे ओढून, जाणकाराच्या देखरेखीखालीं, रस्ता ओलांडण्याचा सराव करणें ही कांहीं खर्चाची गोष्ट नव्हे.

रस्त्याच्या बाजूनें पाहतां कायदाहि आतां प्रतिकूल नाहीं. २०१६ सालच्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्यांत ह्या रोगामुळें येणाऱ्या असमर्थतेचा स्पष्ट समावेश झाला. आणि मे २०२५ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें, पादचाऱ्यास वापरतां येईल असा पदपथ मिळणें हा घटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदांतील जीविताच्या हक्काचाच भाग आहे, असें सांगून तो पदपथ दिव्यांगांसहि वापरतां आला पाहिजे असें बजावलें. हक्क कागदावर आला आहे. तो जमिनीवर उतरावयाचा म्हणजे सिग्नलचा वेळ वाढविणें, रुंद रस्त्याच्या मध्यें विसाव्याची जागा करणें, पदपथाची कड उतरती करणें, पट्टे वेळेवर रंगविणें, आणि रहदारीचा वेग कमी करणें, एवढींच कामें आहेत. ह्यांतील एकहि काम केवळ कंपवाताच्या रोग्यासाठीं नाहीं. बाळाची गाडी ढकलणारी आई, पाय मुरगळलेला विद्यार्थी आणि ओझें घेतलेला हमाल ह्या सर्वांना त्याचा लाभ आहे.

पार्किन्सनला तो खलाशी लंडनच्या रस्त्यावर भेटला, याचें एक कारण असें कीं, इतका व्याधिग्रस्त मनुष्य तेव्हां रस्त्यावर होता. वृद्धाला घरांत कोंडून त्याच्या आजारावर प्रेमानें पांघरूण घालणाऱ्या शहरांत तो निबंध लिहिलाच गेला नसता. वैद्यकानें गेल्या दोन शतकांत ह्या रोग्यास औषध दिलें, खुणा दिल्या, अवधानाची तालीम दिली. रोग बळावलेल्या मनुष्यापुढें उलटें चालत जाऊन त्याला सांवरणारा तो चाकर मात्र आज प्रत्येक घरीं मिळणार नाहीं. त्याचें काम आतां नगरानें करावयाचें आहे.